सगळ्यात हळू चालणारी गाडी

नवस बोलायला एक क्षण पुरतो. पण बोललेल्या नवसाभोवती किस्से किती साचतात, ते तो फिटेपर्यंत कळत नाही. माझा अजून फिटायचा आहे, त्यामुळे साचणं चालूच आहे. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून दुसरा डोकं काढतो.

गेल्या गणेश जयंतीला आमच्या गल्लीतल्या गणपतीसमोर उभी राहून मी म्हणाले, "देवा, ओजू स्वतःच्या पायांनी तुझी पायरी चढेपर्यंत मी कुठल्याच वाहनात बसणार नाही."

ओजू म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, विमलचा नातू. आता तिसरं सरत आलंय त्याचं. वर्षाचा होता तेव्हा भिंतीला धरून दोन-चार पावलं टाकायला लागला होता. मग ताप आला, दवाखाना झाला. फार दिवस झाला. घरी आला तो बसूनच राहिला. बसल्या जागी थोडं सरकतो, तेवढंच. उभं करायला गेलं की पाय पोटाशी घेतो आणि म्हणतो, "वद्दु!" त्याला सांभाळणारी बाई तेलुगू, त्यामुळे आमच्या ओजूचं 'नको' तेलुगूत.

आम्ही सगळ्या या तेलुगू शहरात, नल्लकुंट्यात एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो. मंगळवारी संध्याकाळी विमलच्या हॉलमध्ये जमायचं, अथर्वशीर्ष म्हणायचं, आरती करायची, मग चहा, असं आमचं चौघींचं मंडळ. विमल, मी, आक्का आणि सुजाता. आक्का ऐंशीला टेकल्या आहेत. त्यांचे सासरे इथले नावाजलेले वकील होते. सासरे गेले, पण वकिली आक्कांच्या तोंडात राहिली. सुजाता नांदेडकडची, बँकेत आहे, विमलच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. ती आरतीला नसते, चहाला असते. पहिल्याच दिवशी तिनं हसत सांगून टाकलं होतं, "काकू, आम्ही बौद्ध. आमच्याकडे नवस नसतात. चहा असतो!"

* * *

तर, नवस बोलून मी घरी आले आणि पहिला प्रश्न लिफ्टपाशीच उभा राहिला. आमचं घर चौथ्या मजल्यावर.

हे म्हणाले, "लिफ्ट वाहन नाही. ते यंत्र आहे." यांची उभी नोकरी सरकारी कचेरीत गेली. नियमातली फट यांना लगेच दिसते.

मला पटलं. मी आत पाय ठेवणार, तेवढ्यात मागून आक्का आल्या.

"का हो? गणपतीचा एवढासा उंदीर वाहन होतो, आणि ही एवढी लोखंडी पेटी होत नाही?"

झालं! मी जिन्याकडे वळले.

आणि आक्का? त्या लिफ्टमध्ये शिरल्या, बटण दाबलं आणि वर गेल्या!

* * *

माझी मुलगी मेघना कुकटपल्लीला राहते. तिनं तिथं नवा फ्लॅट घेतला. नल्लकुंट्याहून कुकटपल्ली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. या वयात पायी जायचं म्हटलं तर मधेच कुठंतरी बसून राहीन.

वास्तुशांतीला मी गेले नाही. हे गेले. मी केलेला नारळीभात डब्यात घालून यांच्याबरोबर पाठवला.

मेघना फोनवर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, ओजूसाठी करतेस ना, कर. मी काही म्हणत नाही. फक्त देवाला एकदा विचारून घे, व्हिडिओ कॉल चालतो का."

मी विचारलं नाही, पण कॉल घेतला. तिनं मला फोनमधूनच सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघर, गॅलरी, देवघराचा कोनाडा. शेवटी एका खोलीत नेलं आणि म्हणाली, "ही तुझी आणि बाबांची."

पलंगावर नवी चादर घातलेली होती.

* * *

आता गाडी कुठून आली ते सांगते. विद्यानगरला नसीम मॅडम आहेत, मुलांचे व्यायाम घेतात. ओजूला तिथं नेतात. त्या दिवशी मीही पोचले होते, चालत. आम्ही काय करत होतो, तर विमल एका बाजूनं धरायची, ऋचा दुसऱ्या बाजूनं. ऋचा म्हणजे ओजूची आई, विमलची सून. आणि सगळ्या मिळून घोष: "चाल ना रे, चाल ना राजा, एक पाऊल!" ओजू मधे लोंबकळत असायचा, धुणं वाळत घातल्यासारखा.

नसीम मॅडमनी थोडा वेळ ते बघितलं. मग इथल्या दखनी हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, इसके पावां में जान है. डर बैठ गया अंदर. इसकू चलाओ नक्को. बुलाओ."

म्हणजे काय, ते आम्हाला कळेना.

"घर में कोई चलने का नामच नक्को लेओ. रिमोट की गाडी लाओ. इसके सामने से जरा आगे गई, रुक गई. फिर जरा आगे गई, रुक गई. इसके दिल में आना, मैं बी जाता बोलके."

परत निघताना विमल रिक्षात बसता बसता मला म्हणाली, "एवढंच होय? गाडीच आणायची ना? उद्याच आणू!"

इतकी खूश तिला मी पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती. गाडी निवडणं हे काय काम असतं, ते तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं!

* * *

दुसऱ्या दिवशी निघालो कोठी भागातल्या बाजाराला. विमलचे गुडघे धड नाहीत, म्हणून ती रिक्षात. मी रस्त्याच्या कडेनं पायी. पण मला एकटीला सोडून पुढं जायला तिचं मन धजेना. तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, "भय्या, उनके साथ साथ चलाओ."

बिचाऱ्यानं थोडं अंतर चालवली. मागे हॉर्नचा गोंधळ. बरकतपुऱ्याशी त्यानं रिक्षा बाजूला घेतली, उतरला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"अम्मा, घरां में झगडे होते रहते. बडी भैन है तुमारी. बैठ जाओ. तुमारा किराया मैं नै लेता."

विमल आतून ओरडली, "झगडा नै है भय्या, मन्नत है!"

"कैकी मन्नत?"

विमलनं तोंड फिरवलं. शेवटी मीच सांगितलं, "इनका पोता चलना बोलके."

तो परत सीटवर बसला. रिक्षा पुन्हा माझ्या पावलांबरोबर सुरू केली. मागच्या स्कूटरवाल्यानं कर्कश हॉर्न मारला, तर यानं अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "अरे ठैरो मियाँ! मन्नत जा रई!"

* * *

दुकानात गाड्या तरी किती! भिंतीवर चढणारी, कोलांट्या मारणारी, दरवाजे उघडणारी, मागून धूर सोडणारी. एका रिमोटला दोन दांड्या, एकाला बंदुकीसारखा घोडा. आम्ही दोघी नुसत्या बघतच राहिलो.

दुकानदारानं विचारलं, "बच्चा कित्ता बडा है, अम्मा?"

"तीन का होता," विमल म्हणाली.

"भागता क्या?"

साधा प्रश्न. तीन वर्षांच्या मुलाबद्दल कुणीही विचारेल असा.

विमल म्हणाली, "हौ. बहोत भागता."

मी तिच्याकडे बघितलं. ती गाड्यांकडे बघत होती.

"हात में नै आता," ती पुढं बोलतच राहिली. "सुबू उठा की शुरू. इधर से उधर, उधर से इधर. खाना खिलाने कू मेरेकू पीछे पीछे भागना पडता. मेरे घुटने दुखते, मगर क्या करना!"

दुकानदार हसला. "फिर तो ये लेओ. इसके पीछे भागेगा, थकेगा, आराम से सोएगा."

लाल रंगाची, रुंद चाकांची, शर्यतीची गाडी. आमच्या कामाची नव्हे, हे मला दिसत होतं. विमललाही दिसत होतं.

त्या काउंटरपाशी उभं असेपर्यंत विमलचा नातू धावत होता.

आम्ही ती गाडी घेतली.

* * *

लाल गाडीचा किस्सा लहान आहे. मंगळवारी आरती झाल्यावर हॉलमध्ये ती जमिनीवर ठेवली. विमलनं बटण दाबलं. गाडी सुटली ती थेट पाटावर बसलेल्या आक्कांच्या घोट्यावर!

"अगं बाई! ही गाडी आहे की यमाचा रेडा!"

विमलनं घाबरून दुसरं बटण दाबलं. गाडी गर्रकन फिरली, टीपॉयच्या पायावर आपटली आणि तिथून ओजूच्या अंगावर आली. ओजूनं डोळे घट्ट मिटले. "वद्दु, वद्दु, वद्दु!"

गाडी माळ्यावर गेली. आक्कांच्या घोट्याला हळद लावली. नंतर कितीतरी दिवस ओजू हॉलमध्ये जमिनीवर बसायला तयार नव्हता, सोफ्यावरच बसायचा. म्हणजे आम्ही त्याला पुढं न्यायला गेलो आणि होता तिथूनही मागं आणला.

* * *

दुसरी गाडी आक्कांनी निवडली. "तुम्हाला पोरींना कळत नाही. रंगावर सगळं असतं. लाल रंग तामसी. मुलाला सात्त्विक रंग हवा." आणि भाच्याला पाठवून त्यांनी एक पांढरीशुभ्र गाडी मागवली. छान होती हो दिसायला. हळूसुद्धा होती.

आक्कांनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला. बटण दाबलं. गाडीच्या टपावरचा दिवा लागला आणि आवाज सुरू झाला.

ती खेळण्यातली अँब्युलन्स होती.

आक्कांना अधू डोळ्यांनी फक्त पांढरा रंग दिसला होता. आम्हालाही खोक्यातून काढताना कळलं नाही. आता आवाजानं कळलं.

ओजू रडला नाही. 'वद्दु'सुद्धा म्हणाला नाही. तो सोफ्यावर हळूच उताणा झाला, हात अंगालगत घेतले आणि छताकडे बघत पडून राहिला. जसं त्याला दवाखान्यात निजवत असत, तसा.

ऋचा स्वयंपाकघरात निघून गेली.

आक्कांनी गाडी उलटी केली. खालचं झाकण नखानं उघडलं आणि आतले सेल एकेक करून काढले. मी घेऊ का म्हटलं तर दिली नाही. सेल टीपॉयवर ठेवले आणि त्या दिवशी आक्का चहा न घेता घरी गेल्या.

* * *

तिसरी गाडी ऋचानं मोबाइलवरून मागवली. तिचं ऑफिस दूर, आयटी कंपन्या आहेत त्या हायटेकच्या बाजूला. सकाळी जाते, दिवे लागल्यावर येते. जेवायच्या सुट्टीत ती एवढुशा स्क्रीनवर गाड्या बघत बसायची. कुठली हळू, कुठली बिनआवाजाची, लोकांनी खाली काय काय लिहिलंय.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "काय बघतेस गं इतकं?"

"गाडी," ऋचा म्हणाली.

तिला वाटलं, तेवढ्यावर भागेल. पण तासाभरात सगळ्या मजल्यावर बातमी, ऋचा गाडी घेतेय! कुणी विचारतंय पेट्रोल की इलेक्ट्रिक, कुणी सांगतंय पांढरी घेऊ नकोस, मळते. तिचे साहेब स्वतः उठून आले. "काँग्रॅट्स! पार्टी कधी?"

आता ऋचानं काय सांगायचं? खेळण्यातली आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, किती वर्षांचा? मग त्याच्या पुढचा.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पेढे घेऊन गेली.

आणि गाडी आली ती तळहातावर मावेल एवढी! फोटोत चांगली भलीमोठी होती. सुजातानं चष्मा वर करून बघितली आणि म्हणाली, "वहिनी, ही तर रांगोळीत हरवेल!" ऋचा हसली. मोठ्यानं हसली. विमल आतून बघायला आली, कोण हसलं म्हणून.

उरलेले पेढे आम्ही गणपतीपुढे ठेवले. कसल्या गाडीचे, ते त्याला सांगावं लागलं नाही.

* * *

मग सुजातानं काम हातात घेतलं. एका शनिवारी बँकेला सुट्टी होती. माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, चला. यावेळी मी बघते."

"अगं, पण मी चालत..."

"माहितेय. मीपण चालत येते. नवस तुमचा, व्यायाम माझा."

वाटेत मी तिला विचारलं, "सुजाता, तुला खरंच काही मागावंसं वाटत नाही का गं कुणाकडे?"

ती म्हणाली, "वाटतं की. पण कुणाकडे मागायचं, ते आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. उठून करायचं, एवढंच शिकवलं." मग लगेच म्हणाली, "सांभाळा, तिथं खड्डा आहे."

दुकान तेच. दुकानदार तोच. त्यानं मला ओळखलं. "क्या अम्मा, पोता तोड दिया क्या गाडी?"

सुजातानं मला बोलू दिलं नाही. "भय्या, बच्चा चलता नहीं है. बैठा रहता है. हमको कुछ छुपाना नहीं है, आपसे भी नहीं. दुकान की सबसे धीमी गाडी दिखाओ."

दुकानदाराचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "मॅडम, धीमी कोई पूछताच नै. सब फास्ट मंगते." मग बरीच शोधाशोध केली. शेवटी काउंटरच्या खालून एक पिवळा ट्रक काढला. खोक्याला चिकटपट्टी लावलेली. "ये वापस आई सो है. गिऱ्हाइक बोले, चलतीच नै बराबर. जरा चलती, रुक जाती. कंपनी कू भेजने का है."

सुजाता दुकानाच्या फरशीवर चक्क मांडी घालून बसली! चांगल्या साडीत. गिऱ्हाइकं बाजूनं जातायत, ही खाली बसून, मान वाकवून, ओजूच्या उंचीवरून ट्रककडे बघतेय. बटण दाबलं. ट्रक घरघरला, वीतभर पुढं गेला, थांबला. पुन्हा दाबलं. वीतभर गेला, थांबला.

दुकानदार ओशाळून म्हणाला, "देखे ना? खराब है."

सुजाता खालूनच म्हणाली, "पॅक करो. यही चाहिए."

* * *

आता हा मागच्या मंगळवारचा.

ट्रक आला, पण आक्का म्हणाल्या, पूजेशिवाय चालवायचा नाही. "आधीच्या गाड्यांची पूजा राहिली, म्हणून हे सगळं झालं. घरात फ्रिज आला तरी आपण कुंकू लावतो. मग याला का नाही?"

सुजाता म्हणाली, "आक्का, मी स्कूटीची नव्हती केली. तरी चालते."

"चालते कसली! महिन्यातून दोनदा गॅरेजात असते!"

सुजाता म्हणाली, "बरं, पूजा तुमची, ड्रायव्हर मी." आणि रिमोट घेऊन दारापाशी उभी राहिली.

तर रीतसर वाहनपूजा! पाट, पाटाभोवती रांगोळी. ट्रकच्या नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. एवढासा हार, विमलनं मोगऱ्याच्या कळ्यांचा ओवलेला. आक्कांनी अक्षता अशा टाकल्या की निम्म्या चाकांत जाऊन बसल्या. मी नारळ वाढवला आणि पाणी शिंपडलं. सुजाता दारातून ओरडली, "काकू, पाणी नको, सेल आहेत आत!" तोवर शिंपडून झालं होतं.

ऋचानं ओजूला खाली सतरंजीवर आणून बसवलं. तो बसला. दसऱ्याला आमच्या गेटपाशी सगळ्यांच्या गाड्यांची ओळीनं पूजा होते, ती तो दरवर्षी बाल्कनीतून बघतो. चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी त्यावरून गेली, लिंबू फुटलं, की गाडीला पुढं जायची मोकळीक. लिंबू फुटलं की ओजू टाळ्या वाजवतो.

ट्रक पाटावरून उतरवून फरशीवर ठेवला. विमलनं टोपलीतलं सगळ्यात लहान लिंबू शोधून आणलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवलं. लहान म्हटलं तरी ते चाकाएवढं!

"हं, ड्रायव्हर!" आक्का म्हणाल्या.

सुजातानं बटण दाबलं. ट्रक घरघरला. चाकातल्या अक्षता उडाल्या. पण लिंबावर चढेना. पुन्हा दाबलं. पुन्हा नुसतीच घरघर. आधीच मुलखाचा हळू, त्यात पोटात नारळाचं पाणी.

आक्का पुटपुटल्या, "अपशकुन म्हणतात याला." विमलच्या हातातलं आरतीचं तबक हललं. ऋचा लिंबू काढायला वाकणार, एवढ्यात नसीम मॅडमचं सांगणं आठवून मी तिचा हात धरला.

ओजू सरकला. बसल्या बसल्या, हातांवर जोर देऊन, सतरंजीच्या काठापर्यंत आणि तिथून फरशीवर. ट्रकपाशी पोचला. चाकाखालचं लिंबू काढून हातात घेतलं. मोकळा झालेला ट्रक वीतभर पुढं गेला आणि थांबला. आम्हाला वाटलं, आता ओजू त्याच्या मागं जाईल.

त्यानं ट्रककडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानं दोन्ही हातांनी आपला उजवा पाय धरला, नसीम मॅडम धरतात तसा, आणि उचलून गुडघ्यात दुमडला. आणि ते लिंबू आपल्या तळपायाखाली ठेवलं. नीट ठेवलं. घरंगळलं तर पुन्हा ठेवलं.

मग मान वर करून त्यानं दारात उभ्या असलेल्या सुजाताकडे बघितलं. तिच्या हातातल्या रिमोटकडे बोट केलं.

"आता मी," म्हणाला.

निरांजन तेवढं तडतडत होतं.

सुजातानं माझ्याकडे एकदा बघितलं. कधी कुणाकडे काही न मागितलेली ती बाई. मग तिनं रिमोट ओजूच्या दिशेनं धरला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पलीकडे ट्रक सोफ्याखाली जाऊन घरघरत राहिला. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आजही मी चारी मजले जिन्यानंच चढून आले. गणपतीची पायरी अजून वाट बघतेय, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या कुठं जायला निघालात आणि समोर रिक्षा उभी असली, तर तिला हातानं नको म्हणा आणि थोडं पायी जा. कोपऱ्यापर्यंत गेलात तरी पुरे. नवस करा असं म्हणत नाही, तुमच्या घरात तो नसेलही. फक्त पहिलं पाऊल टाकताना मनात म्हणा, ओजू, चल.

मनातच म्हणा. मोठ्यानं नको.